हिराची फेरपरीक्षा

निवृत्त झाल्यापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात. "मॅडम, आता वेळ कसा जातो?" हा पहिला. आणि "काय हो, हल्ली पोरांना नापास करतात की नाही?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, वेळ जातो, त्याला कुणी धरून ठेवलेलं नाही. दुसऱ्याचं उत्तर द्यायला घेतलं की विचारणारा पाच मिनिटांत घड्याळाकडे बघायला लागतो. त्याचा तरी काय दोष? माझ्याच नोकरीत परीक्षा होत्या, मग गेल्या, मग नाव बदलून मागच्या दाराने आल्या, आणि मी निघता निघता पुढच्या दाराने वाजतगाजत परत आल्या. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या मंडळींना एवढा इतिहास नको असतो. त्यांना "आमच्या वेळी कसं कडक होतं" एवढंच ऐकायचं असतं.

मी आधी निफाड भागात शिक्षिका होते आणि शेवटची वर्षं सुरगाण्याच्या डोंगरात केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा गावांतल्या प्राथमिक शाळांवर देखरेख करणारी बाई किंवा बुवा. शाळांना भेटी देणं, शिक्षकांना शिकवण्यात मदत करणं, आणि वरून आलेला कागद खाली नि खालचा कागद वर पोचवणं, अशी तीन कामं. पहिली दोन आदेशात लिहिलेली असतात, करावं लागतं ते तिसरंच. तरी मी हट्टाने वर्गात जाऊन बसायची. शिक्षक मनातून वैतागत, पण चहा चांगला पाजत.

मला परीक्षा कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. निफाडला असताना निकालाच्या दिवशी नापास झालेली मुलं घरी जायची नाहीत, उसात जाऊन बसायची. मग दिवेलागणीला आम्ही शिक्षक बांधाबांधाने त्यांच्या नावाने हाका मारत हिंडायचो. "ये रे बाहेर, कुणी मारणार नाही" असं आम्ही सांगायचो, आणि घरी गेल्यावर त्यांना मार बसायचाच. ज्याला तिसरीत नापास केलं तो पुन्हा तिसरीत बसून शहाणा झाला, असं मी तरी फारसं पाहिलं नाही. तो शाळेतून निघून जायचा आणि दोन वर्षांनी ट्रॅक्टरवर दिसायचा.

म्हणून नवीन मूल्यमापन आलं तेव्हा मी खूश झाले. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही. वर्षातून दोन वेळा पेपर घेऊन मुलाला तोलायचं नाही, तर वर्षभर त्याच्याकडे बघायचं. वर्गात कसं बोलतं, प्रश्न विचारतं का, हाताने काही करून बघतं का, दुसऱ्यांत मिसळतं का, हे सगळं नोंदवायचं. गुणांऐवजी श्रेणी द्यायची आणि प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहायच्या. ह्या नोंदी कशा करायच्या हे शिकवायला ज्यांना निवडलं त्यांत मी होते. हातात खडू आणि मागे बॅनर घेऊन मी तालुक्यातालुक्याला फिरले. "मुलाला मोजू नका, मुलाला ओळखा," असं मी म्हणायची, आणि टाळ्या पडायच्या. टाळ्या पडल्या की जेवणाची सुट्टी जवळ आली असं समजायचं, हे मला नंतर कळलं.

बोलायला हे छान होतं, पण प्रत्यक्षात एका शिक्षकाकडे दोन वर्ग, साठ मुलं, खिचडी, गणवेश आणि जनगणना. त्यात प्रत्येक मुलाला ओळखून नोंद कधी करणार? मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. 'आवडीने वाचन करतो', 'प्रश्नांची योग्य उत्तरे देतो', 'स्वच्छतेची आवड आहे'. त्यातून वाक्यं उचलायची आणि एकेका नावापुढे वाटून टाकायची, प्रसाद वाटतात तशी. उन्हाळ्यात टँकरने पाणी येणाऱ्या एका गावात मी 'पोहण्यात विशेष प्रगती' अशी नोंद वाचली आहे. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, खेळाच्या रकान्यात तेवढंच शिल्लक होतं." 'नेतृत्वगुण दिसतात' असं ज्याच्यापुढे लिहिलेलं होतं, तो विद्यार्थी सहा महिन्यांपूर्वी शाळा सोडून गेला होता. आता नेतृत्व म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाणं असं म्हटलं, तर गुरुजी अगदीच चुकीचे नव्हते.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार तर एकदा मोटारसायकल थेट वर्गाच्या दारात लावून आत आले. मुलाचं प्रगतिपत्रक त्यांनी माझ्या टेबलावर आपटलं. मला वाटलं, श्रेणी कमी दिली म्हणून भांडायला आलेत. पण उलटंच झालं.

"बाई, ह्याला अ-एक कुणी दिली?"

"का? चांगली आहे की श्रेणी."

"चांगली काय! माझं पोरगं मला ठाव नाय का? त्याला पावती वाचता येत नाय. ओ, आमच्या बागंत एक्स्पोर्टचा माल येगळा, लोकलचा येगळा. सगळाच एक्स्पोर्ट म्हणून भरला तर कंटेनर परत येतो. तुमचा कंटेनर कुठं जाऊन परत येणार हाय, सांगा मला."

मी त्यांना समजावलं, मूल म्हणजे द्राक्षाचा घड नाही, वगैरे. ते म्हणाले, "तेबी खरं हाय. पण मग येगळं काय करता त्याच्यासाठी?" नापास करणं आम्ही काढून टाकलं होतं, पण मागे पडलेल्याला हात देऊन वर घेणं, जे त्याच्या जागी यायला हवं होतं, ते फार थोड्या शाळांत आलं. दोष पद्धतीचा नव्हता असं मी आजही म्हणते. पण मुलांच्या वाट्याला कागदावरची पद्धत येत नाही, वर्गातली येते.

सुरगाण्याकडे मात्र मला एक शिक्षक असे भेटले की ज्यांच्या नोंदी वाचायला मी मुद्दाम वाट वाकडी करून जायची. भोये सर. त्याच भागातले, कोकणा समाजातले, तरुण, कमी बोलणारे. त्यांनी नोंदींचं पुस्तक विकतच घेतलं नव्हतं. 'पावसाच्या दिवशी उशिरा येते कारण ओहोळ भरतो. आल्यावर झालेला भाग आपणहून विचारते,' अशा त्यांच्या नोंदी. ही ओळ हिराबद्दलची होती.

हिरा तेव्हा तिसरीत होती. काटकुळी, डोळ्यांत सतत काहीतरी शोधत असल्यासारखी. तिचे आईबाप दिवाळी झाली की जीपने निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जायचे आणि माल निघून गेला की एप्रिल संपता संपता परत यायचे. डोंगरातली निम्मी गावं तशीच रिकामी होतात. घरी म्हातारं माणूस असेल तर पोरं मागे राहतात, नाहीतर जीपमध्ये भांड्यांबरोबर पोरंही जातात. हिराच्या घरी मागे कुणी नव्हतं. तिच्याच वर्गात सोनी नावाची मुलगी होती. तिला आई नव्हती, ती चुलत्याकडे राहायची आणि तेही जायचे. दोघी एकाच जीपमधून जायच्या आणि एकाच जीपमधून परत यायच्या. फरक एवढाच होता की हिरा कुठेही गेली तरी वाचत राहायची आणि सोनीला वाचायला येत नव्हतं.

एकदा मे महिन्यात मी त्या गावी गेले, तर हिराने बागेतून आणलेली औषधाची रिकामी बाटली मला दाखवली आणि तिच्यावरचा बारीक मजकूर एका दमात वाचून दाखवला. "सदर औषध लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे." वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून हसली. बाटली तिच्याच हातात होती. मी आधी ती तिच्याकडून काढून घेतली, हात धुवायला लावले, आणि मग तिची पाठ थोपटली.

भोये सर दर वर्षी हिराच्या नावापुढे आणखी एक ओळ लिहायचे: 'आपले काम झाले की दुसऱ्याला मदत करते, सोनीला बरोबर घेऊन शिकते.' ही नोंद मी एका प्रशिक्षणात उदाहरण म्हणून सांगितली होती. नोंद कशी असावी, तर अशी, असं म्हणून.

मग नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झालं तर जूनमध्ये फेरपरीक्षा, तिच्यातही नापास झालं तर पुन्हा त्याच वर्गात. बऱ्याच शिक्षकांनी सुस्कारा सोडला. "आता पोरांना जरा भीती राहील," म्हणाले. मला वाईट वाटलं, पण अगदीच वाईट वाटलं असंही म्हणवत नाही. सोनीसारखी मुलं पाचवीपर्यंत वाचता न येता पोचतात हे मी डोळ्यांनी पाहत होते. निदान आता कुणीतरी त्याची दखल घेईल, असं मनात आलं. फक्त त्या परीक्षेची वेळ मी मनात नीट जुळवली नव्हती. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, आणि एप्रिलमध्ये आमची निम्मी पोरं द्राक्षाच्या बागेत.

हिरा आणि सोनी पाचवीत होत्या. दोघी परत आल्या तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. गैरहजर म्हणून दोघी नापास.

हिरासाठी ह्याचा अर्थ काय होता तो सांगते. तालुक्याच्या गावी मुलींची निवासी शाळा आहे. सहावीपासून पुढे राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. एकदा तिथे पाय ठेवला की बागेच्या कामाला जायचं कारण उरत नाही. हिराच्या डोक्यात ते वसतिगृह कधीपासूनचं होतं. तिथे कपाट मिळतं, असं तिने कुठूनतरी ऐकलं होतं आणि कपाटात काय ठेवायचं हेही तिचं ठरलं होतं. तिच्या आईने साफ सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर पोचवून येते. नापास झाली तर आमच्यासंगं. ल्हान पोर झालंय आता, बागंत त्याच्यापाशी कोनतरी लागतं." आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला दोन हात होते आणि काम चार हातांचं होतं.

तेव्हा सगळं जूनच्या फेरपरीक्षेवर आलं. भोये सरांनी मे महिनाभर आपल्या ओट्यावर दोघींना शिकवलं. मीही जमेल तेव्हा जीप पकडून जात होते. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते, घरच्यांनी "आता कशाला दगदग" असं म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. हिराला शिकवायचं असं काही नव्हतंच, तिला फक्त वेळ सांभाळून लिहायची सवय हवी होती. सोनीसाठी आम्ही तिघे मिळून घाम गाळत होतो. मी, भोये सर आणि हिरा. सोनी हळूहळू अक्षरं जोडायला लागली होती. छोटं वाक्य वाचलं की हिराकडे बघायची, माझ्याकडे नाही.

परीक्षा नीट व्हावी, कुणी बोट दाखवू नये, म्हणून आमच्या केंद्रात सगळ्यांनी मिळून ठरवलं की पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचा असेल आणि पेपरही दुसऱ्या शाळेत तपासायला जातील. ही सूचना माझीच होती, आणि ती योग्यच होती. भोये सर दुसऱ्या शाळेवर गेले आणि त्यांच्या शाळेवर निकम सर आले. सटाण्याकडचे, मोठ्या आवाजाचे, मनाने मऊ.

मराठीचा पेपर सुरू झाला. वर्गात दोघीच मुली, पाचवीतल्या त्या दोघीच बागेवर गेलेल्या. थोड्या वेळाने निकम सरांना फोन आला की त्यांच्या शाळेची कसलीतरी माहिती ताबडतोब ऑनलाइन भरायची आहे. स्वच्छतागृहाचा फोटो असावा, आमच्याकडे सगळ्यात तातडीचं काम तेच असतं. त्या गावात फोनला रेंज मिळते ती फक्त गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली. निकम सर तिकडे गेले. नंतर मला म्हणाले, "काय करू मॅडम, आठे रेंजच नही शे ना! फोटो जाता जात नव्हता. पोरी शांत बसलेल्या होत्या, मी खिडकीतून बघून गेलो." ते परत आले तेव्हाही पोरी शांत बसलेल्या होत्या, आपापल्या जागेवर. वेळ संपली, पेपर गोळा झाले.

निकाल आला तेव्हा भोये सरांचा फोन आला. पडलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, सोनी पास झाली."

"अरे वा! मग आवाज असा का?"

"हिरा मराठीत राहिली."

मला वाटलं, नावांची अदलाबदल झाली. तसं झालं नव्हतं. हिराने पहिल्याच पानावरचं लिहिलं होतं, पुढचं सगळं कोरं. बाकीच्या विषयांत सोनी ज्या तोंडीच्या आणि सवलतीच्या गुणांवर निघाली, ते धरूनही हिरा मराठीत पास होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गावात पोचले तेव्हा भोये सर शाळेच्या पायरीवर बसले होते आणि हिरा त्यांच्या शेजारी. तिला कुणी रागावलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय हे तिला समजलं होतं. मी तिच्याजवळ बसले.

"का गं, येत नव्हतं का पुढचं?"

"येत होतं."

"मग बरं नव्हतं का?"

"बरी होते."

"मग लिहिलं का नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काय विचारतेय ते तिला कळतच नाहीये. "सोनीची पात मागं राहिली होती ना," ती म्हणाली.

डोंगरात भाताची लावणी करतात तिला आवणी म्हणतात. चिखलात बायापोरी ओळीने उभ्या राहतात आणि रोपं लावत लावत मागे सरकतात. प्रत्येकीच्या वाट्याचा पट्टा म्हणजे तिची पात. एखादीचा हात हळू असला तर तिची पात मागं राहिली म्हणतात, ती पुढेच अडकून राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी रोपं उभी राहतात. तशी वेळ येऊ देत नाहीत. शेजारची आपली पात थांबवून तिच्या पातीत हात घालते, तिला ओळीत आणते, मग दोघी मिळून सरकतात. कुणी एकटीच सरसर मागे जाऊन बांधावर बसली तर तिला हुशार म्हणत नाहीत, उर्मट म्हणतात. हिरा चालायला लागल्यापासून त्या ओळीत उभी राहिलेली.

निकम सर बाहेर गेल्यावर तिने सोनीकडे पाहिलं. सोनी पहिल्याच प्रश्नावर अडली होती. हिरा आपला पेपर बाजूला ठेवून उठली, सोनीजवळ जाऊन बसली आणि तिच्या पेपरवर लिहायला लागली. थोडं स्वतः लिहिलं, थोडं सोनीकडून लिहून घेतलं. सोनी ओळीत आली असं वाटल्यावर आपल्या जागी परतली आणि तेवढ्यात वेळ संपली. लपवाछपवी काही नव्हती. निकम सर खोलीत असते तरी तिने तेच केलं असतं आणि त्यांनी तिला हाताला धरून जागेवर बसवलं असतं. मग काही बिघडलं नसतं.

भोये सर जमिनीकडे बघत म्हणाले, "मॅडम, मीच लिहीत होतो ना दर वर्षी. दुसऱ्याला मदत करते म्हणून."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. पाच वर्षं आम्ही तिच्या ज्या गुणाचं कौतुक कागदावर केलं, त्याच गुणाने तिला नापास केलं होतं. आधीची पद्धत हिराला ओळखत होती, पण त्या पद्धतीने सोनीला वाचायला शिकवलं नाही. नव्या पद्धतीने सोनीला पुढे ढकललं आणि हिराला अडवलं, आणि तिला दोघींपैकी एकीचीही ओळख नव्हती.

मी तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांकडे गेले. खरं सांगितलं तर दोघींचे पेपर रद्द होतील हे मला माहीत होतं, म्हणून आडून विचारलं. "साहेब, एखादी चांगली मुलगी काही कारणाने फेरपरीक्षेत राहिली, तर आणखी एक संधी देता येते का?"

"काय कारणाने?"

"आजारी होती, समजा."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "मॅडम, समजा-बिमजा नको. तिसरी संधी नियमात नाही. आणि खरं कारण काय ते तुम्ही लेखी दिलंत, तर पुढचं मला करावं लागेल. विचार करून द्या." मग चष्मा पुन्हा लावत म्हणाले, "महिनाअखेर तुम्ही सुटताय ना? सुखाने जा हो."

लेखी द्यायचं तर पेपर दोघींचेही रद्द. हिराच्या हाताला त्याने काही लागणार नव्हतं, सोनीच्या हातातलं मात्र जाणार होतं. तरी हिराच्या आईला न सांगता गप्प बसणं मला पटेना. मी आणि भोये सर तिच्या घरी गेलो. ती अंगणात बसून तांदूळ निवडत होती, पाळण्यात पोर. आम्ही सगळं सांगितलं. हिरा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "मंग आता सोनीचं काय व्हईल, तुमी सांगितलं वर तर?"

"तिचाही निकाल जाईल," मी म्हणाले.

"आन हिरा पास व्हईल?"

"नाही."

तिने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "मंग कशाला, बाई? एकीचं लागलेलं रोप उपटून दुसरीचं थोडंच लागतंय? सोनीला घरी कोन हाय? तिला जाऊ द्या तिकडं निवासी शाळंत. आमची हाय आमच्यापाशी."

"हिराचं काय?"

"तिनंच हात घातला ना तिच्या पातीत." आई हे रागाने बोलली नाही. तिच्या आवाजात मुलीचा अभिमानच होता, आणि तो ऐकणं मला फार जड गेलं. मग ती हिराकडे न बघता म्हणाली, "पुढल्या सालाला बघू." डोंगरात पुढल्या सालाला बघू म्हणजे काय, हे तिला, मला आणि भोये सरांना चांगलं माहीत होतं. हिरालाही माहीत असावं. ती आत निघून गेली.

महिनाअखेरीला मी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. एकाने माझ्या नोंदींच्या प्रशिक्षणाची आठवण सांगितली आणि म्हणाला, "मॅडमनी आम्हाला मूल ओळखायला शिकवलं." टाळ्या पडल्या. भोये सर मागच्या रांगेत होते, ते वाजवत नव्हते. त्या दिवशी मला त्यांच्याइतकं जवळचं तिथे कुणी वाटलं नाही.

सोनी निवासी शाळेत गेली. सुरुवातीला रडून गोंधळ घातला, मग रमली. तिथल्या एक बाई फार मनापासून शिकवतात. मी फोन करून चौकशी करत असते.

थंडीत मला राहवलं नाही. भोये सरांकडून पत्ता घेतला आणि बसने निफाडकडे गेले, मग रिक्षाने बागेपर्यंत. घडांची विरळणी चालली होती, बायका मांडवाखाली हात वर करून उभ्या. बांधाला प्लास्टिकचा कागद टाकून केलेल्या झोपड्या होत्या. एकीच्या दाराशी हिरा बसली होती, मांडीवर भाऊ, चुलीवर भात. उंच झाली होती. मला बघून उठली आणि भावाला कडेवर घेऊन समोर आली. मी तिच्यासाठी गोष्टींची पुस्तकं नेली होती. तिने ती हातात घेतली, एकाचं नाव मोठ्याने वाचलं आणि चुलीपासून लांब नेऊन ठेवली.

"इथल्या शाळेत बसतेस का गं?"

"कवा कवा. भावाला घेऊन येऊ नको म्हनतात." मग तिने विचारलं, "मॅडम, यंदा परीक्षा कवा हाय?"

"एप्रिलमध्ये."

"तवा माल तोडायचा असतोय."

"जूनमध्ये फेरपरीक्षा असतेच की," मी म्हणाले. पण पास झाली तरी तिला कोण पाठवणार, हे मला त्या कडेवरच्या पोराकडे बघून कळत होतं. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी म्हणाले, "सोनी वाचायला लागली बरं का. अख्खा धडा वाचते आता."

ती इतकी मनापासून हसली की भाऊही तिच्याकडे बघून हसायला लागला. "अख्खा?" तिने दोनदा विचारलं. मग भावाला दुसऱ्या कडेवर घेत, मला धीर द्यावा तशी म्हणाली,

"यंदा तुमी काळजी नका करू, मॅडम. यंदा मी कोनाकडं बघनारच नाय. माझाच पेपर लिहीन."

आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून "शाब्बास" निघून गेलं.